याला दोनच किल्ल्या

४ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझं शेवटचं पत्र सप्टेंबरात आलं होतं. मी उत्तर दिलं नाही, ही माझी चूक. पण तूही नंतर 'जिवंत आहेस का' म्हणून विचारलं नाहीस, तेव्हा फिटंफाट.

इथे गल्लीचे दिवस फिरलेत. नोव्हेंबरात कापडवाल्यांच्या गोदामात चोरी झाली. कुलूप फोडलं नव्हतं. उघडलं होतं, आणि माल नेल्यावर पुन्हा नीट लावून ठेवलं होतं. कुलूप आपल्या गल्लीचं, दोन रेघांच्या ठशाचं. दोन्ही किल्ल्या कापडवाल्यांच्या कमरेला. मग चोराला तिसरी कुठून मिळाली, हे बाजारात जो तो विचारतोय. उत्तर कोणाकडेच नाही, म्हणून लोक आपली कुलपंच घेईनासे झालेत.

तुला हे माहीत आहे तरी सांगते, कारण बारा वर्षांत माणूस विसरतो. आपली कुलपं कारागिरीवर विकली जात नव्हती. दर आठवड्याला प्रार्थना झाली की प्रत्येक कारागीर आपलं कुलूप प्रार्थनाघरातल्या लांब टेबलावर ठेवतो, त्यावर हात ठेवून देवासमोर म्हणतो, "याला दोनच किल्ल्या, तिसरी नाही," आणि मगच त्यावर ठसा पडतो. लोक पैसे मोजायचे ते त्या वाक्याचे. त्यातूनच गल्लीची शाळा चालली, म्हाताऱ्यांची औषधं आली. अण्णा गेल्यापासून ते वाक्य आधी मी म्हणते आणि मग बाकीचे म्हणतात.

मोठे काका म्हणतात, श्रद्धा पातळ झाली म्हणून बरकत गेली. निम्मी बाकं रिकामी असतात, हे खरं आहे. पण त्यांचा रोख तुझ्यावर आहे. गल्लीचा मुलगा परक्या कारखान्यात जाऊन बिनशपथेची कुलपं हजारांनी पाडतो, तिथून हे सुरू झालं, असं त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं. तू माफीचं एक पत्र लिही. मी ते वाचून दाखवेन. लोकांच्या मनाला बरं वाटेल. वहिनींना नमस्कार.

तुझी अक्का


१५ फेब्रुवारी

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार घालायचा तर आमच्या खोलीत तेवढी जागा नाही, तेव्हा उभ्यानेच करतो.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग हिला वाचून दाखवलं, मग दोघंही हसलो नाही. म्हणजे चोर माल घेऊन पसार, पोलीस हात चोळत बसलेत, आणि देवानं शोधून काढलं कोणाला, तर मला! लहानपणी प्रार्थनेत चुळबुळ करायचो म्हणून अण्णा मला मांडीखाली दाबून बसवायचे. तो हिशोब देव आत्ता पुरा करतोय की काय?

मला एक सांग. कापडवाल्यांचं कुलूप कोणी केलं होतं? ठशाखाली नंबर असतो. नंबरावरून कारागीर कळतो. काकांनी आधी तो नंबर बघायचा, मग देवाला विचारायचं. मी बारा वर्षं कारखान्यात काढली, मला एवढं कळतं की कुलूप आपोआप उघडत नाही. उघडणारा हात असतो आणि त्या हाताला कोणीतरी किल्ली दिलेली असते.

माफी मात्र मी मागणार नाही. कसली मागू? पोट भरल्याची?

आपल्या दाराला अजून ती दोरीच बांधतेस का? सहा वर्षांपूर्वी आलो होतो तेव्हा म्हणालीस, कुलूपवाल्यांनी स्वतःच्या घराला कुलूप लावावं लागणं ही नामुष्की आहे. वाक्य झकास आहे, पण माझ्याकडची किल्ली इथे खुंटीवर लटकून काळी पडली.

हल्ली माझी पाळी बदलली आहे, दुपारी घरीच असतो. तेव्हा मोठं पत्र लिहायला वेळ आहे, एवढंच. अण्णांच्या शेजारचं माझं स्टूल अजून आहे ना तिथं? सहज विचारलं.

तुझा धाकटा


२७ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

नंबर पुसला गेला होता. गोदामाचं कुलूप, दहा हातांचा वापर, नंबर काय राहणार. ते सोड.

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही तुझी जुनीच खोड. तिकडे बसून हसणं सोपं आहे. इथे काय चाललंय ते ऐक. शाळेच्या बाई नोकरी सोडून गेल्या. त्यांना तीन महिने पगार देता आला नाही, तरी जाताना रडत होत्या. समोरच्या कानसवालीनं भट्टी विझवली आणि धुणीभांडी धरली. ज्या बाईच्या हातची कानस इतक्या बारीक दात्यांची, की बोटावर फिरवली तरी कातडं निघत नाही, ती आता दुसऱ्यांची भांडी घासते. काल पाणी भरायला भेटली तर म्हणाली, "अक्का, तुम्ही पुढे उभं राहून ते वाक्य म्हणता ना, तेवढ्यावर मी टिकून आहे." मी मान खाली घातली. घागर भरली होती, ती उचलायची होती.

लोकांना काहीतरी हवंय धाकट्या, जे धरून पुन्हा उभं राहता येईल. तुझ्या चार ओळींनी ते मिळणार असेल तर तुझं काय जातंय? तुझी नोकरी आहे, महिन्याचा पगार आहे. तू इथे परत येणार नाहीस. स्टूल आहे तिथेच, त्यावर मी जुन्या कानशी ठेवते.

कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे. आता मागते.

अक्का


९ मार्च

ती. अक्का,

सोबत माफीचं पत्र वेगळ्या कागदावर आहे. मी हट्टानं बसलो होतो. ही म्हणाली, तुमच्या अक्कांनी आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं आणि तुम्ही वकिली कसली करताय?

खरं सांगतो, लिहिताना वाटलं होतं तेवढं नाटक झालं नाही. 'मी प्रार्थनाघर सोडलं, शपथेची थट्टा केली, माझ्यामुळे गल्लीच्या शब्दाला उणेपणा आला असेल तर मला क्षमा करा,' असं लिहिलंय. थट्टा केली हे तर खरंच आहे. तुझ्यासमोरच किती वेळा केली.

एक विचारायचं होतं, पण ते आता पुढच्या पत्रात. आधी हे होऊन जाऊ दे.

धाकटा


२० मार्च

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र वाचलं. प्रार्थनाघर भरलं होतं, मागे लोक उभे होते. मी वाचत असताना दोघीतिघी रडल्या. शेवटी काका उठले. मला वाटलं होतं, माफीवर भागेल. पण त्यांनी तुझं स्टूल उचललं आणि पालथं करून भिंतीला लावलं. याचा अर्थ तुला माहीत आहे. पालथ्या स्टुलाच्या माणसाला या गल्लीचा ठसा नाही. मी तुझं पत्र घडी करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दोन व्यापारी आले, थोडी कुलपं घेऊन गेले. लोक म्हणतात गुण आला. कानसवालीनं माझे हात धरून आभार मानले.

तुला नाहीतरी परत यायचं नव्हतं. तरी वाईट वाटून घेऊ नकोस. काय विचारायचं होतं ते लिही.

अक्का


२ एप्रिल

ती. अक्कांना नमस्कार.

मी कधी तुम्हाला वेगळं पत्र लिहिलं नाही. हे लिहितेय ते यांना माहीत नाही, आणि कळलं तर चिडतील. चिडले तर चिडोत.

यांची नोकरी डिसेंबरातच गेली. पाळी बदलल्याचं खोटं आहे. कारखान्याच्या मालकांनी यांना बोलावून सांगितलं, की एका मापाच्या सगळ्या कुलपांना चालेल अशी एकच किल्ली करून द्या, आमच्याजवळ राहील, गिऱ्हाइकाला सांगायची गरज नाही. यांनी नाही म्हटलं. मालक म्हणाले, तुम्हाला काय फरक पडतो, तुम्ही पगारी माणूस. हे म्हणाले, "मी ज्या गल्लीतून आलो तिथे हे करत नाहीत." एवढंच. पंधरा दिवसांत यांना काढलं. दुसरीकडे कुठे घेत नाहीत, कारण मालकांनी सगळीकडे सांगून ठेवलंय.

घरी आल्यावर मला म्हणाले, बघ, ज्याची जन्मभर टिंगल केली तेच ऐन वेळी तोंडातून बाहेर पडलं. आणि हसले. नंतर तोंड धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

यांना गल्लीत परत यायचं होतं. अण्णांच्या शेजारच्या जागी बसायचं होतं. हेच तुम्हाला विचारायचं होतं, पण आधी तुमची अडचण निस्तरू दे म्हणून थांबले. आता स्टूल पालथं झाल्याचं वाचल्यापासून ते खुंटीवरची किल्ली काढतात, पुसतात आणि पुन्हा लावतात.

तुमच्यावर माझा राग नाही. तुम्हाला कुठे माहीत होतं. पण काकांकडे शब्द टाकता आला तर बघा.

तुमची वहिनी


११ एप्रिल

धाकट्या,

प्रिय लिहिलं नाही, कारण ते लिहायचा अधिकार राहिला आहे की नाही ते तू ठरवायचं. वहिनींनी मला सगळं लिहिलं. त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांच्या पत्रातली एक ओळ मी वाचू शकले नाही, हातानं झाकून पुढे गेले. 'तुम्हाला कुठे माहीत होतं.'

मला माहीत होतं. नंबर पुसला नव्हता. कुलूप तपासायला काकांनी माझ्याच हाती दिलं होतं. तो माझा नंबर होता.

नऊ वर्षांपूर्वी शिंपीणबाईंची लेक घरात अडकली होती. चार वर्षांची पोर झोपली म्हणून आई बाहेरून कुलूप लावून विहिरीवर गेली, आणि एकाच गोफातल्या दोन्ही किल्ल्या विहिरीत पडल्या. दार जाड, खिडक्यांना गज, कुलूप माझं. इतकं चांगलं की कानशीनं कापायला तासाच्या वर लागला. मी घासत होते आणि आतलं रडणं हळूहळू कमी होत होतं. शेवटी ऐकूच येईना. पोर वाचली, पण आठ दिवस बोलली नाही. तेव्हापासून प्रत्येक कुलपाची तिसरी किल्ली मी करून ठेवली, नंबर बांधून, पिठाच्या जुन्या डब्यात. आणि दर आठवड्याला टेबलावर हात ठेवून सगळ्यांच्या आधी म्हणत राहिले, तिसरी नाही.

पहिल्या वेळी जीभ जड झाली होती. मनात देवाला म्हटलं, तुला कारण माहीत आहे. दुसऱ्या वेळी तेवढंही म्हटलं नाही. पुढे तर त्या वाक्याचा आणि डब्याचा काही संबंध आहे हेच विसरले. तीनदा कोणाकोणाच्या अडल्या वेळी त्या किल्ल्यांनी दारं मी गुपचूप उघडून दिली. 'अक्कांकडे काहीतरी उपाय असतो' अशी कुजबूज झाली, आणि मला ती आवडली, हेही लिहून टाकते.

नोव्हेंबरात भर दुपारी एक माणूस धापा टाकत आला. म्हणाला, कापडवाल्यांचे मुनीम गोदामात अडकलेत, छातीत दुखतंय, शेठ गावाला गेलेत. माझ्या कानात ते जुनं रडणं आलं. मी किल्ली दिली. तासाभरानं त्यानं परत आणली, मला आशीर्वाद दिले. किल्लीच्या खाचांत साबण अडकला होता. मी तो सुईनं काढला आणि किल्ली डब्यात ठेवली. साबणावर किल्लीचा ठसा घेऊन नक्कल करतात हे मला कळत नाही असं थोडंच आहे? मी ते त्या दिवशी कळूच दिलं नाही. चोरी झाल्यावर कळलं, मुनीम त्या आठवड्यात घरी तापानं पडून होते.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला खवखवलं, म्हणून काकांनी तुझं नाव घेतलं तेव्हा मी सुटल्यासारखी झाले. तुझ्याकडून माफी मागवली ती गल्लीसाठी नव्हती. तुझं पत्र वाचताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. लोक म्हणाले, अक्का किती धीराच्या.

गेल्या आठवड्यात प्रार्थनेनंतर मी डबा टेबलावर ओतला. अडुसष्ट किल्ल्या होत्या. म्हटलं, तिसऱ्या आहेत, माझ्या आहेत, धाकट्याचा यात काही दोष नाही. शिंपीणबाईंच्या पोरीची गोष्टही सांगितली. मनात कुठेतरी होतं, की ती ऐकून लोक मऊ होतील. तेव्हा शिंपीणबाई उठल्या. शेजारी त्यांची लेक बसली होती, आता माझ्या खांद्याला लागते.

"माझ्या पोरीच्या जिवावर हे ढकलू नका अक्का," त्या म्हणाल्या. "तेव्हाच इथे उभं राहून बोलला असतात, तर आम्ही सगळ्यांनी मिळून काहीतरी काढलं असतं. तुम्ही देवाला खोटं सांगितलंत आणि आमच्या भाकरीवर सांगितलंत."

कानसवालीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. काका हळूहळू भिंतीशी गेले, तुझं स्टूल सरळ करून टेबलाला लावलं, आणि मग माझं स्टूल पालथं केलं.

ठरलं असं, की अडुसष्ट घरी जायचं, खरं सांगायचं, जुनं कुलूप काढून घ्यायचं आणि नवं फुकट द्यायचं. नवी कुलपं गल्ली करणार, म्हणजे शाळा यंदा बंदच. घरोघरी सांगायला मी जाते. एकानं कुलूप अंगणात भिरकावलं. कापडवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग माफी मागितली तो कोण होता?" मी सांगितलं, माझा भाऊ. ते म्हणाले, तो करणार असेल तर गोदामाची सगळी कुलपं मी त्याच्याकडून घेईन.

ये म्हणण्याचं तोंड मला नाही. काकांनी लिहायला सांगितलं म्हणून लिहिते. जागा तुझी आहे.

अक्का


२० एप्रिल

अक्का,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवलं नाही.

मला राग आलाय. आपलेच दात आणि आपलेच ओठ असं म्हणून तो जाईल असं वाटलं होतं, पण गेलेला नाही. मला कुठे वाईट वाटलं ते सांगतो. मालकासमोर मी ते वाक्य म्हटलं तेव्हा डोळ्यांसमोर देव नव्हता. टेबलापाशी उभी असलेली तू होतीस. मी त्या जोरावर नाही म्हणालो. आणि तेव्हा तुझ्या घरात तो डबा होता.

काकांना कळव, मी विचार करतोय. त्याआधी एक खरं सांग, आणि या वेळी पहिल्याच ओळीत सांग. अण्णांनी आपल्या घराचं कुलूप केलं, तू आणि मी समोर बसलो होतो, एक किल्ली तुला दिली आणि एक मला. म्हणाले, याला दोनच. अण्णांच्या त्या कुलपाची तिसरी किल्ली डब्यात होती का?

धाकटा


२६ एप्रिल

धाकट्या,

नाही. त्या कुलपाची तिसरी किल्ली कधीच केली नाही.

आता पुढचं सांगते. तुझे दाजी आजारी होते त्या वर्षी दवाखान्याच्या धावपळीत माझ्याकडची किल्ली हरवली. त्याला आठ वर्षं झाली. कुलूप कडीला उघडंच लटकतंय. चुकून कोणी दाबेल म्हणून त्यात चिंधी कोंबून ठेवली आहे, आणि दाराला दोरी बांधते. लोकांनी विचारलं तर नामुष्कीचं ते वाक्य सांगते, तुलाही तेच सांगितलं. नवी किल्ली करणं माझ्यासाठी अर्ध्या तासाचं काम होतं. कितीदा कुलूप खोलून समोर घेऊन बसले. पण अण्णांनी देवासमोर म्हटलं होतं, दोनच. हरवलेली कुठेतरी आहेच, म्हणजे माझी तिसरी झाली असती. अण्णांचा शब्द खोटा करायला हात धजला नाही. आणि त्याच हातानं डब्यात अडुसष्ट जमवल्या. याचं उत्तर मला देता येत नाही, देवालाही दिलेलं नाही.

काल कानसवाली आली होती. बसली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहूनच तुझ्यासाठी दोन कानशी देऊन गेली. भट्टी पुन्हा पेटवली आहे म्हणाली. माझ्याशी एवढंच बोलली.

तू आलास की टेबलाशी तू बसशील आणि ते वाक्य म्हणशील. मी मागच्या भिंतीशी उभी राहीन, तिथे मला उभं राहायला परवानगी आहे. रागावलेला असलास तरी ये. राग घेऊनच ये.

आणि येताना खुंटीवरची ती किल्ली विसरू नकोस. या घराची तेवढी एकच आहे.

अक्का